कोऱ्या बाटलीतलं पीक

तिच्या विषयाचं नाव चयापचय. औषध पोटात गेलं की शरीर त्याचे तुकडे कसे करतं, कुठला तुकडा यकृतात होतो आणि कुठला लघवीवाटे बाहेर पडतो, हे शोधून काढायचं शास्त्र. पण घरात या शब्दाचा पहिल्याच दिवशी ‘ध’चा ‘मा’ झाला. वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ते अभिमानाने सांगायचे, “आमची मुलगी अपचनात पीएच.डी. आहे.” गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं, कारण चष्मा अजून वडिलांच्या हातात असायचा.

त्यामुळे झालं काय, की नातेवाइकांनी आपापली पोटं तिच्या हवाली केली. काका घरी आले की आधी ढेकर द्यायचे आणि मग विचारायचे, “हा कसला वाटतो तुला?” मावशी फोनवर सकाळपासूनचा सगळा हिशेब सांगायची, काय खाल्लं, कुठे अडकलं, कधी सुटलं. तिने पहिले काही महिने समजावून पाहिलं. “मावशी, मी पोटाची डॉक्टर नाही गं. मी औषधाचं पुढे काय होतं ते बघते.” मावशी म्हणाली, “तेच तर विचारतेय, पुढे काय होतं?” यावर कुठल्याही विद्यापीठात उत्तर शिकवत नाहीत. शेवटी तिने नाद सोडला आणि सगळ्यांना भरपूर पाणी प्यायला सांगू लागली. सल्ला बिनचूक असल्यामुळे तिची कीर्ती वाढली.

प्रयोगशाळेत तिचं नाव वेगळंच पडलं होतं. तिथे सगळे तिला ‘कोरी’ म्हणत. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. एखाद्या माणसाच्या लघवीत औषधाचा तुकडा सापडला असं म्हणायचं असेल, तर आधी ज्याने औषध घेतलेलंच नाही अशा माणसाची लघवी तपासून ती स्वच्छ आहे हे दाखवावं लागतं. याला म्हणायचं कोरा नमुना. तो रोज ताजा लागतो. तो विकत कुठून आणणार? म्हणून तिथे जुना रिवाज होता की सगळ्यांत नवीन येईल त्याने कोरा नमुना द्यायचा. ती सगळ्यांत नवीन. तेव्हा रोज सकाळी ती एक बाटली हातात घेऊन कॉरिडॉरच्या टोकाला जायची आणि परत आल्यावर बाटलीवर ‘कोरी’ असं लिहायची. बाटलीचं नाव माणसाला चिकटायला आठवडासुद्धा लागला नाही. एवढी वर्षं शिकून, पदव्या घेऊन, आपला शास्त्राला पहिला हातभार हा असावा, याचं तिला सुरुवातीला फार वाईट वाटलं. मग सवय झाली.

यंत्र सांभाळणारा एक ज्येष्ठ सहकारी होता, त्याला सगळे दादा म्हणत. यंत्र कपाटाएवढं होतं. आत टाकलेल्या थेंबातली प्रत्येक गोष्ट वजनाने वेगळी करून ते पडद्यावर तिची उभी टोकदार रेघ काढायचं. त्या टोकाला सगळे ‘पीक’ म्हणायचे. त्यामुळे दिवसभर तिथे शेतावरचीच भाषा चाले. “पीक आलं का?” “आलं, पण बारीक आहे.” “कालच्यापेक्षा बरं पीक आहे.” यंत्राचं नाव मात्र सासूबाई, कारण ते कोणत्या दिवशी कशावरून फुगून बसेल सांगता येत नसे, आणि परगावचे पाहुणे बघायला आले की हमखास बंद पडे.

तर या सासूबाईंच्या जिवावर कोरीची नोकरी अवलंबून होती. आम्लपित्तावरचं एक नवं औषध तयार होत होतं, आणि त्याचा एक विशिष्ट तुकडा लघवीत अगदी कणभर असला तरी पकडता येईल अशी पद्धत तिने बसवायची होती. कंत्राट एका वर्षाचं. वर्ष संपताना कमिटी बसणार, काम बघणार, आणि ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार. घरी तिने सांगितलं होतं, नोकरी पक्की आहे. खोटं बोलायचा तिचा इरादा नव्हता. पण निवडीचं पत्र आलं त्याच दिवशी वडिलांनी साऱ्या गल्लीचं तोंड गोड करून टाकलं, आणि गोड केलेली तोंडं परत कडू करायचा धीर तिला झाला नाही. मग ‘पक्की’ या शब्दाचं ओझं तीच एकटी वाहत राहिली.

कमिटी दोन महिन्यांवर आली आणि तिची भूक गेली. ताटातलं निम्मं तसंच राहायला लागलं. आईने विचारलं, “काय होतंय?” ती म्हणाली, “काही नाही गं.” आईने पुन्हा विचारलं. पुन्हा “काही नाही.” आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांचं बोलणं कानावर पडूनही ऐकलं नाही असं दाखवण्यात तिची उभी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर तिने ती सारी कसर भरून काढायला घेतली होती. एका संध्याकाळी मुलगी गॅलरीत फोनवर दादाशी बोलत होती, “चयापचयाचं काही खरं नाही दादा. असंच चाललं तर कसं व्हायचं माझं?” दाराआड आईने ऐकलं ते असं, की अपचनाचं काही खरं नाही.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कोऱ्या बाटलीत पीक आलं.

आधी दादाला वाटलं आपले डोळे गेले. मग त्याने सासूबाईंना दोष दिला. यंत्र आतून धुतलं, पुन्हा धुतलं. पीक तिथेच. मग पाण्यावर आळ आला, पाणी बदललं. मग बाटल्यांवर, मग नळ्यांवर, मग झाडलोट करणाऱ्यांच्या फिनेलवर. ज्या तुकड्याची पद्धत बसवायची, नेमका तोच तुकडा, त्याच वजनाचा, त्याच जागी, औषध न घेतलेल्या मुलीच्या लघवीत डौलात उभा. कोरा नमुनाच कोरा नसेल तर त्यावर बसवलेल्या पद्धतीला कोण विचारतो? कोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी दादाने स्वतःचा नमुना लावून पाहिला. स्वच्छ. मोठ्या सरांचा लावला. स्वच्छ. पीक फक्त हिच्यात.

“खरं सांग,” दादा खालच्या आवाजात म्हणाला, “आम्लपित्ताची गोळी वगैरे घेतेस का? त्या जुन्या औषधाचाही शरीरात हाच तुकडा होतो.”

“दादा, शप्पथ. डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही मी. कोरा नमुना द्यायचा म्हणून साधा खोकल्याचा काढा सोडलाय.”

“चुकून?”

“चुकून कोणी गोळी गिळतं का?” ती चिडली. आणि तिचं चिडणं खरं होतं, म्हणून दादा पुन्हा यंत्राकडे वळला.

मोठे सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण बाजारात तुरी असताना घरात भांडण काढणाऱ्यांपैकी होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कोरीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “मूळ औषध आहे का नमुन्यात?”

“नाही सर. नुसता तुकडा.”

“म्हणजे बाहेरून काही आलेलं नाही! हे शरीर स्वतःच बनवतंय!” सर खुर्चीवरून उठले. “काही दुर्मीळ माणसांत हा पदार्थ जन्मतःच तयार होत असणार. आणि असं पहिलं माणूस आमच्याच प्रयोगशाळेत, पगारावर!”

जुनं औषध शरीरात इतकं पुरतं मोडतं की लघवीत मूळ रूपात जवळजवळ उरतच नाही, ही गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ होती. पण आनंदाच्या भरात पाठांतर कुणाला आठवतं? संध्याकाळपर्यंत सरांनी निबंधाचं शीर्षक ठरवलं, दुसऱ्या दिवशी परदेशातल्या परिषदेत कोणता कोट घालायचा ते ठरवलं, आणि तिसऱ्या दिवशी कमिटीच्या अध्यक्षांना फोन करून सांगूनही टाकलं की एक मोठी गोष्ट हाती लागली आहे.

खोटं कशाला बोला, कोरीलाही ते आवडलं. आजवर तिच्या शरीराचं कौतुक कोणी केलं नव्हतं. शाळेत खेळात शेवटची, लग्नाच्या वयात ‘जरा बारीकच आहे’. आणि आता हेच शरीर शास्त्राच्या पुस्तकात जाणार होतं. कंत्राट तर सोडाच, सर म्हणाले, कायमच्या जागेसाठी शब्द टाकतो. त्या दिवशी ती घरी जाताना रस्त्यावरच्या काचांत स्वतःकडे बघत गेली. ‘पक्की’ हा शब्द खरा व्हायच्या बेतात होता, आणि आपण कधी खोटं बोललो होतो हे कोणाला सांगायचीही गरज पडणार नव्हती.

पण तिच्यात एक खोड होती. गोष्ट पटली की ती पुन्हा एकदा तपासायची. गॅस बंद केला की नाही हे बघायला जिन्यावरून परत जाणाऱ्यांतली ती. रोजच्या नमुन्यातला थोडा भाग तारीख टाकून फ्रीजरमध्ये ठेवायची पद्धत होती. तिने सुरुवातीच्या महिन्यांतल्या बाटल्या काढल्या आणि सासूबाईंना घातल्या. स्वच्छ. पुढच्या महिन्यातल्याही स्वच्छ. जन्मजात गुण असेल तर तो असा मधूनच कसा उगवला? बरं, मधे काही दिवस ती मामेबहिणीकडे राहायला गेली होती, तेव्हाच्या बाटल्यांत पीक खुरटलं होतं, आणि घरी परतल्यावर पुन्हा तरारून आलं होतं.

ती स्टुलावर बसून राहिली. घर. जे काही होतं ते घरात होतं.

त्या संध्याकाळी जेवायला बसली तेव्हा तिने ताटाकडे संशयाने पाहिलं. सूप, पाव, भाजी, सगळं तिघांचं सारखं. फरक एकच. तिच्यापुढे एका वाटीत शिजवून घोटलेलं सफरचंद होतं. अशक्तपणाला चांगलं म्हणून आई रोज द्यायला लागली होती.

पलीकडे वडील कुरकुरत होते, “माझ्या पित्ताच्या कॅप्सूल परत संपल्या. आणल्या की संपतात. या घरातल्या उंदरांनाही आम्लपित्त झालंय की काय?”

“तुम्हीच विसरून दोनदा घेता,” आई एवढं बोलली आणि घाईने सूप वाढू लागली.

कोरीने सफरचंदाचा घास तोंडात घेतला आणि चावला नाही. जिभेने चाचपला. घोटलेल्या गरात बारीक, गुळगुळीत, साबुदाण्याच्या पिल्लांसारखे दाणे होते. इतके दिवस ती त्यांना बिया समजत होती. सफरचंदाच्या बिया एवढ्या नसतात, गोल नसतात आणि पांढऱ्या तर मुळीच नसतात, हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण कमिटीच्या चिंतेत असलेल्या विद्वानाला काय दिसतं? तिने एक दाणा बोटावर घेऊन दिव्याखाली धरला. असले दाणे तिने कॅप्सूल फोडून शेकडो वेळा तराजूत घातले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, फक्त इथे कळसा तिच्या वाटीत होता.

“आई, हे काय आहे?”

आईने वाढायचा डाव खाली ठेवला. नाकबूल करायचा तिचा स्वभाव नव्हता. “बाबांची कॅप्सूल आहे. उघडून घालते. डबीतल्या कागदावरच लिहिलंय, गिळता येत नसेल तर फळाच्या गरातून द्यावी.”

“अगं, म्हणजे माझ्या कॅप्सूल—” वडील म्हणाले, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“आई, मला न सांगता औषध देतेस? मला? अगं माझा विषयच तो आहे!”

“विषय आहे म्हणूनच! अपचनावर एवढं शिकलीस आणि स्वतःच्या पोटाचं तुला कळेना. फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होतीस त्या दादाला, अपचनाचं खरं नाही, कसं व्हायचं माझं. ऐकलं मी.”

“चयापचय, आई! चया-पचय!”

“तेच ते!”

कोरी हसली असती, पण तिला एकदम दोन महिन्यांची मेहनत दिसली, सरांचा कोट दिसला, कमिटी दिसली, आणि ती ओरडली. पद्धत बुडाली, नमुने वाया गेले, सगळ्या प्रयोगशाळेत तिचं हसं होणार, हे सगळं एका दमात. आई ऐकून घेत राहिली.

“मग करायचं काय मी?” आई म्हणाली. “जेवत नाहीस. वाळत चाललीस. विचारलं तर काही नाही. दहा वेळा विचारलं, दहा वेळा काही नाही. तुझ्या पोटातलं मला कळणार कसं? त्या यंत्राला सगळं कळतं. आईला कोण सांगणार?”

कोरीला तेव्हाच सगळं सांगून टाकायचं होतं, कंत्राटाचं, कमिटीचं. पण आईच्या डोळ्यांत पाणी, वडील रिकामी डबी हातात घेऊन बसलेले, अशा वेळी नोकरीही जाणार असं कसं सांगायचं? “काम जरा जास्त होतं,” एवढंच ती म्हणाली आणि सूप पिऊन टाकलं.

सकाळी सरांच्या खोलीत ती उभी राहिली तेव्हा कमिटी यायला तासाभराचा अवकाश होता. तिने सगळं सांगितलं. सर हळूहळू खुर्चीत खाली खाली गेले.

“आईने?”

“हो सर.”

“सफरचंदातून?”

“हो सर.”

“मी अध्यक्षांना फोन केला होता गं,” सर केविलवाण्या आवाजात म्हणाले. मग टेबलावरचं पेन खिशाला लावून म्हणाले, “आज नुसतं ‘तपास चालू आहे’ असं म्हणता येईल. खोटं होणार नाही ते. पण कंत्राट तुझं आहे आणि आई तुझी आहे. तू ठरव, मी मध्ये पडणार नाही.”

तपास चालू आहे. किती सोयीचं वाक्य. वर्षभर घरी तिने हेच तर केलं होतं, खोटं न बोलता खरं झाकून ठेवलं होतं. त्याचं फळ तिने रोज वाटीतून खाल्लं होतं.

कमिटीत पाच जण होते. अध्यक्षा म्हणजे एक वयस्कर बाई, औषधशास्त्रात केस पांढरे केलेल्या, बोलायला तुटक. सरांनी प्रस्तावना केली, तीही इतकी गोल की तिला कुठून धरावं कळेना, आणि ते बसले. कोरी उठली. पडद्यावर पीक दाखवलं. आणि म्हणाली, “हा शोध नाही. ही माझ्या आईची करणी आहे.”

मग काका, मावशी सोडून सगळं सांगितलं. चयापचय, अपचन, दाराआडचं ऐकणं, सफरचंद, दाणे, फ्रीजरमधल्या बाटल्या. एक सदस्य हसू दाबता दाबता खोकायला लागला. दादा मागे भिंतीला टेकून छताकडे पाहत होता. कोरीचे कान तापले होते, पण एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबावंसं वाटेना.

अध्यक्षा मात्र हसल्या नाहीत. “आई औषध देते हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही.”

“यंत्रावर काम करणाऱ्याला?”

“त्यालाही नाही.”

“तुम्ही नेमकं काय मोजता हे आईला माहीत होतं?”

“आईला अजूनही माहीत नाही, मॅडम.”

आता खोकणारा सदस्य उघड हसला. अध्यक्षा पुढे वाकल्या. “आणि तरीही कोणत्या आठवड्यात औषध सुरू झालं, कधी त्यात खंड पडला, हे तुमच्या पद्धतीने बरोबर सांगितलं?”

“हो. आईला सकाळी विचारून ताडून पाहिलं. जुळतं.”

“देणाऱ्याला मोजणं ठाऊक नाही, मोजणाऱ्याला देणं ठाऊक नाही. अशी आंधळी चाचणी बसवायला आम्ही एरवी मंजुऱ्या घेत फिरतो,” अध्यक्षा म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. “शोध नाही म्हणून कायमची जागा नाही. पण आईची चोरी पकडणारी पद्धत खरी आहे. कंत्राट पुढे चालू. कोरा नमुना मात्र यापुढे दुसऱ्या कोणी द्यावा. तुम्हीच का देत नाही?”

मोठ्या सरांनी होकारार्थी मान हलवली. दुसरं करणार काय?

बाहेर येऊन कोरी जिन्याच्या पायरीवर बसली. तिने घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला आईने उचलला.

“आई, नोकरी राहिली!”

पलीकडे आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“म्हणजे,” आई हळूच म्हणाली, “जाणार होती?”